डिकी लिटरमध्ये नको, सेंटिमीटरमध्ये सांगा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाडीचे परीक्षण येते, त्याखालच्या चौकटीत इंजिन, मायलेज, किंमत आणि डिकीची क्षमता असते. डिकीचा आकडा लिटरमध्ये असतो. आम्ही बास गिटार वाजवणारी माणसे आहोत. कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतो, कुणी लग्नातल्या संगीताच्या रात्री, कुणी पबमध्ये; एकदोघे डबल बासही (उभे राहून वाजवायचे, व्हायोलिनच्या घाटाचे माणसाहून उंच वाद्य) वाजवतात. गाडी घेताना आम्ही आधी डिकी बघतो, मग इंजिन. इतर बहुतेक बाबतींत आमच्यात वाद असले तरी एका बाबतीत एकमत आहे: तो लिटरचा आकडा आमच्या काडीच्या उपयोगाचा नाही. तो राहू द्या, पण शेजारी सेंटिमीटरमधली पाच मापे छापा, एवढ्यासाठी हे पत्र.

लिटर मोजतात कसे, ते आधी सांगतो. रूढ पद्धतीत 200 × 100 × 50 मिलिमीटरचे, म्हणजे नेमके एक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात. चाकाच्या कमानीमागचा कोनाडा, मागच्या दिव्यापाठची पोकळी, जिथे ठोकळा शिरेल तिथे शिरवायचा आणि शेवटी मोजदाद करायची. कपड्यांच्या बॅगा, भाजीच्या पिशव्या, गावाहून आणलेले तांदूळ यांना हे माप चालते, कारण त्या वस्तू दबतात आणि कोनाड्यात जाऊन बसतात. स्पीकरचे कॅबिनेट म्हणजे प्लायवूडचे ताठ खोके. ते कोनाड्यात शिरत नाही.

उदाहरण घ्या. अँपेग कंपनीचे आठ स्पीकरांचे एसव्हीटी-810 हे कॅबिनेट बासवाल्यांना सर्वत्र ठाऊक आहे. रॉक बँडच्या छायाचित्रांत मागे फ्रिजसारखे उभे असते तेच. 48 इंच उंच, 26 इंच रुंद, 16 इंच खोल. गुणाकार केला की 327 लिटर होतात. वॅगन आरची डिकी कागदावर 341 लिटरची. म्हणजे हा फ्रिज आत ठेवून वर 14 लिटर उरायला हवेत! प्रत्यक्षात उभे करायला छप्पर आड येते, आडवे टाकायला चाकांच्या कमानी. आणि मागची सीट पाडून झोपवायचे तर पुढची सीट किती सरकवावी लागेल, हे 341 या आकड्यात कुठेच लिहिलेले नाही. डिझायरची डिकी 382 लिटरची, वॅगन आरहून मोठी. चार 10 इंची स्पीकरांचे कॅबिनेट साधारण 24 × 24 × 18 इंचांचे, म्हणजे जेमतेम 170 लिटरचे असते. ते डिझायरच्या डिकीच्या तोंडातूनच बहुधा आत जात नाही, आणि मागची सीट पडत नसल्याने दुसरी वाटही नाही. वॅगन आरची मागची सीट 60:40 अशी पडते आणि दार सरळ वर उघडते, म्हणून तेच कॅबिनेट तिथे निमूट बसते. मोठा आकडा छापलेली गाडी निरुपयोगी आणि छोटा आकडा छापलेली कामाची, असे हे माप आहे.

गिटारवाल्याचे लहान खोक्यावर भागते तसे तुमचे का भागत नाही, असे कुणी विचारेल. कारण खर्ज. बासची सर्वांत जाड तार, ई, सुमारे 41 हर्ट्झला बोलते. पाच तारांच्या बासवरची बी 31 हर्ट्झला. 41 हर्ट्झची एक लहर हवेत आठ मीटरहून लांब असते. स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या कोनाला चौपट पुढेमागे हलावे लागते. म्हणून मोठे स्पीकर, जास्त स्पीकर आणि त्यांच्या पाठीमागे हवा राहील असे मोठे खोके. कॅबिनेट बनवणाऱ्यांना हॉफमनचा नियम पाठ असतो: खोल खर्ज, थोड्या वॅटमध्ये भरपूर आवाज आणि लहान खोके, या तिन्हींपैकी कोणतेही दोनच मिळतात.

वजनाचे मात्र गेल्या काही दशकांत चांगलेच निभावले. 1969 सालचे अँपेग एसव्हीटी हेड (स्पीकरशिवायचा नुसता अँप्लिफायर) 300 वॅटचे होते. सहा पॉवर ट्यूब (जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह) आणि लोखंडी ट्रान्सफॉर्मर यांमुळे त्या जातीचे हेड आजही 36 किलोच्या आसपास भरते. आज 500 वॅटचे क्लास-डी हेड दोन-अडीच किलोचे, जेवणाच्या डब्याएवढे मिळते. त्यातला वीजपुरवठा 50 हर्ट्झऐवजी काही हजार पट वेगाने चालू-बंद होतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा पुरतो. आणि निम्मी वीज उष्णतेत जात नसल्याने ॲल्युमिनियमच्या जड पट्ट्याही लागत नाहीत. स्पीकरच्या फेराइट चुंबकाच्या जागी नियोडिमियमचा चुंबक आला आणि दर 10 इंची स्पीकरमागे सुमारे दोन किलो वाचले. चाळीस किलोच्या घरातले चार स्पीकरांचे कॅबिनेट पंचवीसवर आले. पण हॉफमनचा नियम चुंबक बदलून मोडत नाही. हवा तेवढीच लागते, खोके तेवढेच राहते. कमरेचे दुखणे कमी झाले, डिकीचे तसेच राहिले.

खोके लागते तरी केवढे, यावर आमच्यात दोन तट आहेत. बहुमताचे म्हणणे असे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात अनेकदा ड्रमसेटऐवजी ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) असतो, त्याचा आवाज साऊंडवाल्याच्या हातात असतो. बासही डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी डबी) थेट मिक्सरला जातो आणि प्रेक्षकांना खर्ज ऐकवायचे काम मैदानातले सबवूफर करतात. मग मंचावरचा बासचा अँप फक्त वाजवणाऱ्याला आणि शेजारच्या ढोलकीवाल्याला ऐकू येण्यापुरता. त्याला एक 12 इंची स्पीकरचे, पंधरा किलोच्या आतले कॅबिनेट आणि छोटे हेड पुरते. शिवाय कान मूळ 41 हर्ट्झ फारसे न ऐकताही वरच्या स्वरांशांवरून स्वर ओळखतो, त्यामुळे लहान खोक्यातही ई ही ईच वाटते. खऱ्या ड्रमसेटबरोबर, साऊंडवाला नसलेल्या छोट्या हॉलमध्ये वाजवायचे असेल तर हिशेब बदलतो. तिथे चार 10 इंची किंवा दोन 12 इंची स्पीकर आणि 300 ते 500 वॅट हवेत. वॅट वाढवून फार काही साधत नाही, हे नवशिक्याला दुकानात कुणी सांगत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्याऐवजी तसेच दुसरे कॅबिनेट जोडले तर 6 डेसिबलपर्यंत मिळतात. म्हणून आमचा सल्ला एका मोठ्या खोक्याऐवजी दोन लहान सारख्या खोक्यांचा असतो: घरगुती कार्यक्रमाला एक न्या, मोठ्याला दोन. प्रत्येक 8 ओहमचे घ्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी तितका हेडवर ताण जास्त), दोन जोडल्यावर 4 ओहम होतात आणि बहुतेक हेडना ते चालते. मित्राचे तिसरे 8 ओहमचे कॅबिनेट हौसेने जोडले की 2.67 ओहम होतात. हेड तापते, बंद पडते, कधी कायमचे.

आता गाड्या. ऑर्केस्ट्राचा सगळा संच एका टेम्पोतून जातो तेव्हा प्रश्नच नसतो. (टेम्पो हा शब्द आपल्याकडे लयीसाठीही आहे आणि मालाच्या गाडीसाठीही. दुसरा अर्थ टेम्पो या जर्मन गाड्यांच्या नावावरून, पुण्याच्या बजाज टेम्पोमार्फत घरोघरी पोचला.) पण तीन-चार ग्रुपमध्ये वाजवणाऱ्याला स्वतःची गाडी लागते. या कामात ओम्नीसारखी गाडी झाली नाही. 1984 ते 2019 एवढी वर्षे ती निघत होती. चौकोनी अंग, सरकती दारे, जमिनीलगत तळ. आज तिची जागा ईकोने घेतली आहे. ईकोच्या सरकत्या दारातून खोके बाजूनेही चढवता येते, त्यामुळे अरुंद गल्लीत मागे जागा नसली तरी अडत नाही. एक खबरदारी: ओम्नी आणि ईको दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे सीटमागचा तळ लांबच्या प्रवासात तापतो. तिथे कॅबिनेट चालेल, वाद्य ठेवू नये.

सात जणांच्या गाड्यांचे आकडे तर आणखी फसवे. अर्टिगाची डिकी तिसरी रांग उभी असताना 209 लिटर आणि पाडल्यावर 550 लिटर. तिची तिसरी रांग सपाट पडते, हे आमच्या दृष्टीने सोने. इनोव्हाच्या जुन्या पिढीत आणि क्रिस्टात तिसऱ्या रांगेच्या सीट पडत नाहीत, दोन बाजूंना वर उचलून अडकवाव्या लागतात; लांबी भरपूर मिळते, पण रुंदी दोन्हीकडून खाल्ली जाते आणि 26 इंची खोके तिथेच अडते. लिटरमध्ये गाडी मोठी, खोक्याला अरुंद.

सीएनजीचा मामला वेगळा. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या वादकाला सीएनजी परवडतो, म्हणून घेतली जातेही तीच गाडी. पण टाकी मागच्या सीटच्या पाठीशी आडवी बसते. डिकी तर जातेच, सीट पाडली तरी मध्ये टाकीचा उंचवटा, म्हणजे सपाट तळ नाही. टाटांनी अल्ट्रोझमध्ये 2023 साली दोन लहान टाक्या तळाखाली घालून 210 लिटरची सपाट डिकी राखली. इतरांच्या 300 वर लिटर दाखवणाऱ्या, पण आत टाकी असलेल्या गाडीपेक्षा आम्हाला ते 210 लिटर प्यारे. परीक्षणात पेट्रोल गाडीची डिकी छापायची आणि सीएनजीच्या गाडीविषयी चकार शब्द काढायचा नाही, हे मात्र बरे नव्हे.

उंच एसयूव्हींबद्दल एवढेच: डिकीची कड जमिनीपासून 70 सेंटिमीटरच्या पुढे गेली की पंचवीस किलोचे खोके एकट्याने चढवणे म्हणजे कमरेशी खेळ. काहींत कडेच्या आत तळ हातभर खोल जातो, मग उतरवताना तेच खोके आधी खड्ड्यातून वर काढावे लागते. होंडाच्या जाझच्या काही मॉडेलांत इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली असल्याने मागच्या सीटचे बूड वर उचलून पाठीला टेकवता येई आणि तळापासून छपरापर्यंत मोकळी जागा मिळे. जाझ आता आपल्याकडे बंद झाली आहे. सेकंडहँड बाजारात वादक तिची चौकशी करतात ती याच कारणाने. अमेरिकेत होंडा एलिमेंट (2003 ते 2011) या ठोकळेबाज गाडीवर संगीतकारांचा असाच जीव होता. तिच्या मागच्या सीट वर उचलून भिंतींना लटकवता येत आणि तळावर गालिचा नव्हता, पुसून काढता येईल असा लेप होता.

ही गाडी-वाद्याची सोयरीक बास गिटारच्या जन्मापासूनची आहे. लिओ फेंडर यांनी 1951 साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास बाजारात आणला, त्यामागे डबल बास ऐकू येत नाही आणि नेताही येत नाही, ही दोन्ही दुखणी होती. 34 इंची तारेचा, एकूण 118 सेंटिमीटरच्या आसपासचा बास मोटारीच्या मागच्या सीटवर झोपतो. तीन-चतुर्थांश मापाचा डबल बास, म्हणजे सर्वांत प्रचलित माप, उभा 180 सेंटिमीटरच्या पुढे आणि बुडाशी 65 च्या वर रुंद. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी हे धूड स्टुडिओ-स्टुडिओतून फिरवले, आणि आजही मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राला (स्थापना 2006) डबल बासच्या रांगेशिवाय चालत नाही. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावर लोखंडी कॅरिअर असे, आता नाही. हॅचबॅकमध्ये डबल बास न्यायची रीत अशी: बासच्या बुडाची लोखंडी काठी आत ढकलून स्क्रू आवळायचा, चालकाशेजारची सीट पुढे घेऊन पाठ पूर्ण पाडायची, मागची सीट पाडायची, आणि बास मागच्या दाराने मान पुढे करून कुशीवर आत सरकवायचा. माथा डॅशबोर्डच्या अलीकडे येतो. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) भार यायला नको, ती मोकळी राहिली पाहिजे. बुडाखाली आणि मानेखाली गोधडी. गाडीत मग दोनच माणसे बसतात. तंबोऱ्याची जोडी गाडीतून नेणाऱ्या गवयांना हे वेगळे सांगायला नको.

सामान भरण्यावर फार कमी बोलले जाते. ताशी 50 किलोमीटर वेगातली वस्तू, तिचे वजन काहीही असो, दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूएवढ्या जोराने आदळते. पंचवीस किलोचे खोके तिसऱ्या मजल्यावरून आपल्या पाठीवर, असे डोळ्यांपुढे आणले की पट्टा लावायचा कंटाळा जातो. जड वस्तू तळावर, सीटच्या पाठीला खेटून, मध्ये फट नको. फट असली की खोक्याला वेग घ्यायला जागा मिळते. 25 मिलिमीटरचा रॅचेट पट्टा कॅबिनेटच्या दांड्यांतून ओवून गाडीच्या लोखंडी कड्यांना आवळावा. डिकीतले पिशवी अडकवायचे प्लॅस्टिकचे हूक यासाठी नसतात. खोक्याला चाके असतील तर ते चाकांवर उभे करून नेऊ नये. पहिल्याच वळणावर ते फिरायला लागते. जाळीची बाजू सीटच्या मऊ पाठीकडे. ट्यूबचे हेड असेल तर बंद केल्यावर निदान दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे. तापलेल्या ट्यूबची तार खड्ड्याच्या एका दणक्यात तुटते आणि आपले रस्ते आपण जाणताच. मागच्या सीटवर खोके ठेवले तर सीटबेल्ट दांडीतून ओवून लावा. नाहीतर नव्या गाड्या कुणी माणूस बसलाय असे समजून वाटभर टिंग टिंग करतात.

बास सगळ्यांत वर, तारा वर करून, माथ्यावर काहीही न ठेवता. फेंडर घाटाचा माथा सरळ असतो. ज्या बासचा माथा मागे कललेला असतो, तो पिशवीत पाठीवर पडला तर मान माथ्याशी तडकते, आणि हे गाडी चालू असताना होत नाही, डिकी उघडताना घसरून होते. पिशवीच्या तळाशी दोन बोटे जाडीचा फोम घाला. पिशवी उभी आपटली की पट्ट्याचे बटण लाकडात खिळ्यासारखे घुसते.

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचे, हा 2000 सालच्या नियमांचा दंडक बहुतेक दिवस लागू असतो. दहा वाजून पाच मिनिटांनी सगळा ग्रुप अंधारात एकदम आवराआवर करतो आणि सगळा गोंधळ तेव्हाच होतो. जाताना भरलेल्या क्रमानेच परत भरायचे, डिकीच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याचे चित्र काढून चिकटवायचे, हा साधा उपाय आहे. सामान मोजून भरावे: बास, हेड, कॅबिनेट, वायरींची पिशवी, स्टँड. पाचातले एक कमी भरले तर ते मंचावर राहिलेले असते, आणि बहुधा तो स्टँडच असतो.

दुचाकीवाल्यांसाठी थोडे. क्लास-डी हेडमुळे ॲक्टिव्हावरून कार्यक्रमाला जाणे शक्य झाले. बास पाठीला, पिशवीचे बूड मागच्या सीटवर टेकवून, म्हणजे खांद्यावर चार किलो लोंबकळत नाहीत. माथा हेल्मेटच्या वर वीत-दीड वीत जातो, हे झाडाच्या फांदीखाली आणि सोसायटीच्या तळघरात शिरताना आठवले पाहिजे. हेड पोटावरच्या पिशवीत घ्यावे. सीटखालच्या कप्प्यात इंजिनची उष्णता येते. पायाशी कॉम्बो अँप (हेड आणि स्पीकर एकाच खोक्यात) ठेवून जाणारे दिसतात; हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते की नाही हे निघण्यापूर्वी बघत नाहीत, पहिल्या यू-टर्नला कळते. आमच्या मते कॉम्बो असेल तर सरळ रिक्षा करावी.

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उन्हात बंद उभ्या गाडीत 60 अंशांच्या घरात तापमान जाते. डबल बासचे लाकूड सरसाने जोडलेले असते आणि सरस त्याच सुमारास मऊ पडू लागतो. कडेचा सांधा उघडतो. बास गिटारची मान वाकते, सूर उतरतो. जेवायला थांबलात तर वाद्य बरोबर आत न्यावे, हेड राहिले तरी चालेल. कोकणात उलटे: पावसाळ्यात लाकूड ओल धरते, मान पुढे वाकते, तारा उंच होतात. तपासायचे असे: पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मान जिथे धडाला मिळते तिथला पडदा दाबा, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यातली फट बघा. 0.25 ते 0.4 मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. जास्त असेल तर मानेतली सळई अॅलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. मग तासाभराने पुन्हा बघा. पोचल्या पोचल्या हे करायला बसू नये. वाद्याला अर्धा तास हॉलची हवा लागू द्यावी.

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांबरोबर काय असावे, यावर आमचे जवळपास एकमत आहे: ती अॅलन की, 9 व्होल्टची नवी बॅटरी (ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बासमध्ये जॅक खोचलेला राहिला की ती संपते), जाड स्पीकर वायर, 16 अँपिअरच्या सॉकेटला चालणारा अडॅप्टर आणि मल्टिमीटर. स्पीकर वायर विसरून गिटारची वायर हेड ते कॅबिनेट लावणारे महाभाग आहेत. तिच्या आतली तार केसासारखी बारीक असते. ती तापते, वितळते आणि शॉर्ट झाली की हेडच घेऊन जाते.

मल्टिमीटर मात्र जिवाशी संबंधित आहे. मंडपात एक बोर्ड जनरेटरवर आणि दुसरा शेजारच्या घरच्या मीटरवर, असे सर्रास असते. बासच्या तारा घोडीतून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि गाणाऱ्याचा माइक मिक्सरच्या. दोघांचे अर्थिंग वेगळे आणि एकाचे तुटलेले असले की बासवाल्याचे ओठ माइकला लागताच झटका बसतो. प्लग लावण्यापूर्वी तीन मापे घ्या: फेज-न्यूट्रल 207 ते 253 व्होल्ट, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचे माप तीस-चाळीस दिसले तर लाइनमनला बोलवा. सगळ्या मंचाची वीज एकाच बोर्डावरून घ्या. घूं आवाज येतो म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकणारा माणूस साऊंडवाला असो की वादक, त्याला मंचावर उभे करू नये. घूं घालवायला डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. ते फक्त सिग्नलच्या वायरचे आवरण तोडते, विजेचे अर्थिंग शाबूत ठेवते.

आता मुद्द्याची पाच मापे. एक, डिकीच्या तोंडाची सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी. दोन, त्याच तोंडाची उंची, कडेपासून दाराच्या वरच्या काठापर्यंत. तीन, आत चाकांच्या कमानींमधले अंतर. चार, मागची सीट पाडून, पुढची सीट मध्यम उंचीच्या चालकाला बसता येईल अशी ठेवून, तळाची लांबी. आणि पडलेल्या सीटची पायरी राहत असेल तर तिची उंची. पाच, जमिनीपासून कडेची उंची. सीएनजीची गाडी असेल तर पाचही मापे टाकीसह. एका माणसाला टेप घेऊन दहा मिनिटांचे काम आहे. याचा उपयोग आम्हालाच होईल असे नाही. व्हीलचेअर नेणारे, हार्मोनियम-पखवाज नेणारे, गौरी-गणपतीला मखर नेणारे सगळे आज शोरूममध्ये जाऊन ओशाळवाण्या चेहऱ्याने टेप काढतात.

टेपही नको असेल तर त्याहून सोपे आहे. फ्रिजच्या जाड पुठ्ठ्याचे 61 × 61 × 46 सेंटिमीटरचे घडीचे खोके करून घ्या, कडांना पॅकिंगची टेप, आणि बरोबर 125 सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप. खोके म्हणजे चार स्पीकरांचे कॅबिनेट, पाइप म्हणजे पिशवीतला बास. परीक्षणाला येईल त्या गाडीत सीट उभी ठेवून आणि पाडून दोन्ही घालून पाहा, दार बंद होते का ते बघा, आणि चौकटीत चार शब्द छापा: खोके बसले, पाइप बसला. किंवा बसला नाही. खोके आम्ही करून कार्यालयात आणून देऊ. घडी केल्यावर ते रिक्षातही मावते.

आपले,
ठाणे, डोंबिवली आणि पुणे येथील काही बासवादक